डाव्या हाताचा पेला

५ फेब्रुवारी

ती. वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडचं ठीक नाही हे तुमच्या पत्रावरून कळलं, तेव्हा 'खुशाली कळवावी' हे नेहमीचं वाक्य या खेपेस गाळतो.

अकरा वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. पाकीट दुकानातल्या टपालात पडलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव वाचायच्या आधीच ओळखलं. इतकं डावीकडे कललेलं अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार? गल्ल्यावर उभ्या उभ्याच वाचून काढलं. नोकर म्हणाला, "शेठ, वाईट बातमी?" मी म्हटलं, "घरचं पत्र आहे." त्याला काय समजलं कोण जाणे, पाणी आणून दिलं.

दादाचा श्वास इतका खालावला असेल असं वाटलं नव्हतं. तीन उशा पाठीशी घेऊन बसून झोपतो, दोन शब्दांनंतर थांबतो, असं तुम्ही लिहिलंय. जो माणूस एका दमात काचेचा भोपळा फुगवून दाखवायचा, तो आता दोन शब्दांनंतर थांबतो! भट्टीपुढे तीस वर्षं उभं राहिल्यावर फुफ्फुसं काय म्हणणार, असं डॉक्टर म्हणाले असतील. डॉक्टरांना दुसरं काय सुचतं.

फोनच करणार होतो. पण फोन वाजला की दादा दचकतो आणि खोकल्याची उबळ येते, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून लिहितो.

माझं म्हणाल तर दुकानाचं आता शोरूम झालंय. खाली सगळा काचमाल, वर गोदाम. तुम्ही पाहिलं होतं तेव्हा एक गाळा होता आणि मी स्टुलावर बसायचो. आता स्टूलही फिरतं आहे. कान मात्र तेच. गिऱ्हाईक पायरीवर जे बोलतं ते मी आत बसून ऐकतो, कारण गल्ल्यापाशी आल्यावर कुणी खरं बोलत नाही. कालच एक जोडपं आलं. बाई हातातला फोन नवऱ्याच्या नाकापुढे धरून सांगत होती,

"मला हेच हवेत."

"आधी किंमत वाच."

"वाचली म्हणून तर इथे आणलंय तुला."

"आणि तुझ्या बहिणीला कळलं तर? खरे नाहीत म्हणून?"

"ती काय चावून बघणारे?"

आत आल्यावर मी फोटो न बघताच म्हटलं, "ताई, अंगठ्याचा खळगा असलेला डिझायनर ग्लास ना? तसाच दिसेल. विसाव्या हिश्श्यात." बाई खूश, नवरा त्याहून खूश. असं रोज चालतं. महागड्या वस्तूवर मन गेलं की लोक माझ्याकडे येतात. सगळ्या शहरात माझी ओळख तीच आहे.

तर पेल्याचं. तुमचा तो पेला दादाला पुन्हा एकदा हातात घ्यायचाय, त्यातून घोटभर पाणी प्यायचंय, असं तुम्ही लिहिलंत. पेला आहे की, कुठे जातोय? त्या वेळी तुमच्याकडून दोन दिवसांसाठी म्हणून नेला, तो काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं होता. नूतनीकरणात गोदामात गेला. खोकी पर्वताएवढी आहेत. शोधून पाठवतो. तोवर वाट बघायला नको म्हणून सहा ग्लासांचा एक सेट सोबत धाडत आहे. आमच्याकडचा सगळ्यात वरचा माल. दिसायला तसाच.

मी स्वतःच येणार होतो. बसनं सहा तास म्हणजे काही विलायत नव्हे. पण या आठवड्यात माल उतरायचा आहे, आणि मी नसलो की फुटीचं प्रमाण वाढतं.

दादाला सांगा, कानानं आठवण काढली आहे.

दादाचा,
'कान' (अजून शाबूत)


१७ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. खोकं परत मिळालं. सहाच्या सहा, एकही न फुटता. तुम्ही माझ्या माणसांपेक्षा बरं पॅकिंग करता.

चिठ्ठीही मिळाली. दादानं एका ग्लासावर नखानं टिचकी मारली, तो 'टक' वाजला, आणि दादानं तो तसाच परत खोक्यात ठेवला, एवढंच तुम्ही लिहिलंत. आणि खाली: "भावजी, पेला आहे की नाही ते एका शब्दात कळवा."

एका शब्दात कळवता आलं असतं तर पहिल्याच पत्रात कळवलं असतं. जरा ऐकून घ्या.

तुमची चिठ्ठी आली त्याच दिवशी मी दुकान मेव्हण्यावर टाकलं आणि निघालो. म्हटलं, दादानं त्या डिझायनर बाईंसाठी चौदा वर्षं पेले फुंकले, शेकड्यांनी फुंकले, बाईंनी खाली स्वतःचं नाव कोरून ते दामदुप्पट विकले. तेव्हा या शहरातल्या बड्या घरांतून दादाच्या हातचा एक तरी पेला सापडेलच. कुणी ते घेतले होते हे मला पाठ आहे. त्या याद्या मीच एके काळी चाळल्या होत्या. का चाळल्या होत्या, ते पुढे सांगतो.

पहिल्यांदा एका सर्जनकडे गेलो. त्यांच्या पत्नीनं मोठ्या अभिमानानं कपाट उघडलं. "आमच्याकडे मूळचा सेट आहे हं. आता मिळत नाही." मी टिचकी मारली. टक. दुसरा. टक. सहाही टक. बाई म्हणाल्या, "काय सुंदर काच आहे ना?" मी म्हटलं, "सुंदर आहे." काय सांगणार? त्यांचे मूळचे एकेक करून फुटले असणार, आणि कुणीतरी, सुनेनं किंवा स्वयंपाकाच्या बाईनं, बोलणी बसू नयेत म्हणून गुपचूप माझ्या दुकानातून एकेक आणून ठेवला असणार. असली गिऱ्हाइकं मला दिसली की कळतात. ती एकच ग्लास मागतात आणि पिशवीत खाली लपवतात.

मग एका हॉटेलात गेलो. तिथे शंभर होते, शंभर माझे. मग एका निवृत्त न्यायाधीशांकडे. ते स्वतः म्हणाले, "हा पहा अस्सल," आणि माझ्याच दुकानचा ग्लास उजेडात धरून मला दाखवला, वर काच कशी ओळखावी याचे धडे दिले. एरवी घरी येऊन आठवडाभर नकला करून हसलो असतो. पाच दिवसांत सतरा घरं झाली, वहिनी. ज्या घरात जावं तिथे माझाच माल आधी येऊन बसलेला. माझं वय झालं तरी माझ्या धंद्याचा पसारा मला एवढा कधी दिसला नव्हता.

अठरावं घर एका पेटी शिकवणाऱ्या बाईंचं. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, दोन खोल्या. मी कशाला आलो ते सांगितल्यावर म्हणाल्या, "पेला? तो न्हाणीघरात आहे. त्यात माझे दात असतात." खरंच होते. बाईंनी दात काढून तोंडात बसवले, पेला विसळून माझ्यापुढे ठेवला, आणि आता स्पष्ट उच्चारात म्हणाल्या, "वाजवा."

मी वाजवला.

वहिनी, तो आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. तुम्हाला आठवतं ना, भट्टीच्या मागच्या ओट्यावर मी बसायचो, दादाचे निवलेले पेले एकेक वाजवायचो, आणि चांगला या बाजूला, खोटा त्या बाजूला करायचो? दादा फुंकनळी तोंडातून काढायचा आणि ओरडायचा, "कान, काय म्हणतो?" मी म्हणायचो, "गातोय." किंवा म्हणायचो, "खोकतोय," आणि तो पेला फुटून पुन्हा भट्टीत जायचा. दादा कधी 'नीट ऐकलंस ना' म्हणून विचारायचा नाही. मी खोटा म्हटलं की खोटा.

पेटीवाल्या बाईंचा पेला गात होता. मी माझ्या पिशवीतला एक ग्लास काढून शेजारी ठेवला, का कोण जाणे, सवय. तेव्हा एक गोष्ट दिसली. दादाच्या पेल्यावरचा अंगठ्याचा खळगा तिरका असतो, उजव्या हाताचा अंगठा जसा पडतो तसा. काच मऊ असताना तो ओल्या लाकडाच्या गोट्यानं तेवढीच जागा दाबायचा. बाईंच्या पेल्यावर तो तसाच होता. माझ्या ग्लासावर तो उलटा तिरका होता. मी दुसरा ग्लास काढला. तोही उलटा. सगळे उलटे. अकरा वर्षं हा माल विकतोय आणि माझ्या ध्यानात आलं नाही. कान तेवढा शाबूत, डोळ्यांचं काय?

दादानं उलटा तिरका खळगा असलेला पेला आयुष्यात एकच केला. तुमच्यासाठी. तुम्ही डावखुऱ्या म्हणून.

आता एका शब्दात सांगतो. नाही.

तुमचा पेला नाही, वहिनी. तो कपाटात कधीच नव्हता, गोदामातही नाही. तुमच्याकडून 'दोन दिवस नमुन्याला' म्हणून नेला आणि तिसऱ्या दिवशी साचेवाल्याकडे दिला. गिऱ्हाइकांच्या त्या याद्या चाळून मला कळलं होतं, डिझायनर बाईंच्या किमतीला हा पेला हजारात एकाला परवडतो, आणि उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना तो हवा असतो. त्या नऊशे नव्व्याण्णवांची मला दया आली असं मी स्वतःला सांगितलं. साचेवाला म्हणाला, "बाहेरचं माप घेता येईल. पण काच कुठे किती जाड आहे ते बाहेरून कळत नाही. कापावा लागेल." वर म्हणाला, "दुसरा नाही का एखादा? हा घरचा दिसतोय."

मी म्हटलं, "काप."

उभा होतो मी तिथे. पाण्याची धार सोडून त्यानं चाकावर मधोमध धरला. तो आवाज सांगत नाही. अर्धा कापून होईपर्यंत पेला गात होता.

पुढचं तुम्ही भोगलंत. माझे ग्लास बाजारात आले, डिझायनर बाईंचे खपेनात, बाईंनी दादाचं काम बंद केलं. चौदा वर्षं न विझलेली भट्टी विझली. भट्टी निवली की आतलं भांडं तडकतं, मग ती भट्टी पुन्हा पेटवण्यात अर्थ नसतो, हे मला दादानंच शिकवलेलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी लोकांना सांगत आलो, धंद्यात माझं बरं चाललं म्हणून दादाला खुपलं. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलंय, आणि तिनं विश्वास ठेवलाय.

एकच मनात येतं. दादानं माझा ग्लास कधी हातात घेतला असेल का? घेतला असेल तर त्याला खळग्यावरून सगळं कळलं असेल. घेतला नसेल अशी आशा धरून आहे. परवा खोक्यातला घेतला, पण तो फक्त वाजवला, असं तुम्ही लिहिलंय.

पेटीवाल्या बाईंनी पेला दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "ज्यानं केला त्याच्याकडे जातोय ना? मग घेऊन जा. दातांना काय, काहीही चालतं." तो सोबत पाठवत आहे. तुमचा नाही, पण दादाच्या हातचा आहे. पाणी यातून द्या. हे पत्र मात्र दादाला वाचून दाखवू नका, एवढं माझ्यासाठी करा.

मीच घेऊन येणार होतो. पण मी आलो तर दादाला बोलावं लागेल, आणि बोलण्यापुरता श्वास त्याच्यात नाही असं तुम्हीच लिहिलंय. कुरियरवाला ओळखीचा आहे. पेला नीट येईल.

दादाचा,
धाकटा


४ मार्च

वहिनी,

नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं. वर तारीख वाचली, खाली मजकूर वाचला, आणि मधले दिवस मोजले. दादा जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांत मी दोन ट्रक माल उतरवून घेतला. एका लग्नासाठी तीनशे ग्लास दिले. एकदा खळखळून हसलोसुद्धा, कशावरून ते आठवत नाही.

तुम्ही फोन केला नाहीत. का, ते विचारत नाही.

तुम्ही लिहिलेलं इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. पेला वीस तारखेला पोचला. दादानं वाजवला, कान खाली नेला, पुन्हा वाजवला. म्हणाला, "माझा." मग थांबून म्हणाला, "कुणाकडनं?" मग तुम्ही त्याला माझं पत्र वाचून दाखवलंत, सगळं, 'वाचून दाखवू नका' हे वाक्यसुद्धा.

बरं केलंत.

आणि दादा म्हणाला, "मला ठाऊक आहे." अकरा वर्षांपूर्वी एका चहाच्या टपरीवर त्याच्या हातात माझा ग्लास आला होता. उजव्या हातात नीट बसेना म्हणून त्यानं तो डाव्या हातात घेतला. घरी येऊन तुम्हाला म्हणाला, "तुझा पेला त्यानं कापला. जाडी जिथल्या तिथे आहे. कापल्याशिवाय ती कळत नाही." म्हणजे त्या दिवसापासून तुम्हा दोघांनाही माहीत होतं. मग तुम्ही लिहिलंय: "पेला नाही हे आम्हाला ठाऊकच होतं, भावजी. तरी ह्यांनी मला मागायला लावला."

आणि त्या खालची ओळ. पत्र वाचून झाल्यावर दादानं दाराकडे बघून विचारलं, "आलाय?" तुम्ही म्हणालात, "नाही. पार्सल आलंय." मग त्यानं पेला उचलून न्यायला सांगितला. त्यात पाणी घेतलं नाही. पुढचे दोन दिवस स्टीलच्या वाटीतून चमच्यानं घेतलं.

वहिनी, मी लोकांना काय हवंय ते पायरीवरच ऐकतो अशी माझी ख्याती आहे.

'येऊ नका' असं तुम्ही लिहिलंत. येत नाही. बसची चौकशी केली होती, रिकाम्या हातानं निघणारही होतो. रिकाम्या हातानं निघायला महिनाभर उशीर झाला, एवढंच.

तुम्ही पेला परत पाठवलात, 'ज्यांचा आहे त्यांना द्या' म्हणून. आज सकाळी घेऊन गेलो. पेटीवाल्या बाईंनी दार उघडलं ते दातांशिवाय. मग आत जाऊन दात बसवून आल्या. न्हाणीघराच्या फळीवर माझ्याच मालातला एक ग्लास होता. मी दिलेला नव्हे, त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणलेला. मी पेला पुढे केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं,

"प्यायले का ते यातून?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग मला नको," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडेच राहू दे. माझे दात काय, त्यातही मावतात."

म्हणून तो दुकानात आणला. ठेवणार कुठे? घरी नेला तर बायको विचारेल, आणि तिला आता पहिल्यापासून सांगावं लागेल. गल्ल्यावर ठेवला. अर्ध्या तासानं एक बाई आल्या, मुलीला सोबत घेऊन. बोलता बोलता नखानं सहज टिचकी मारली. पेला गायला. 

"अगं, आवाज ऐकलास?" बाई मुलीला म्हणाल्या. मग मला, "हा केवढ्याला?"

"हा विकायचा नाही."

"पण असाच दिसणारा दुसरा असेल ना?"

वहिनी, तुम्हाला सगळं सांगायचं ठरवलंय म्हणून हेही सांगतो. मी म्हटलं, "आहे ना, ताई. किती हवेत?"

सहा बांधून दिले. सवयीनं एकेक वाजवून दिला. टक, टक, टक. त्या गेल्यावर गल्ला तसाच सोडून वर गोदामात गेलो आणि खोक्यांमध्ये बसून राहिलो. हजारो आहेत तिथे. एकेकाचा खळगा तुमच्या अंगठ्याचा. तुमच्या हातासाठी दादानं एकदा केलं, आणि ते मी सगळ्या गावाच्या हातात दिलं, आणि गावाला तर ते नीट धरताही येत नाही. मेव्हणा खालून हाका मारत होता. ऐकू येत होत्या. उठलो नाही.

तुमच्याकडे काही मागायला तोंड नाही. पेला माझ्यापाशी आहे. तुम्हाला तो डाव्या हातात बसायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कधी वाटलं तर कळवा. या वेळी पार्सल येणार नाही.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'दादाचा' असं लिहून मग पुढे काय ते लिहीत आलो. बोलणं बंद असतानाही दुकानाच्या वह्यांत कुठे नाव लिहायचं झालं की मनात तेच यायचं. आता तो शब्द काढून टाकला तर खाली लिहायला काही उरत नाही. सहीची जागा कोरी सोडतो. अक्षर ओळखालच.

आपला,